टक् वाजलेलं झाकण

लोरेदानाच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच घरी जेवायला आली होती, आणि ताटलीत पहिला पदार्थ पडतो न पडतो तोच व्याह्यांनी तिच्या बापाचं, ओरेस्तेचं, कौतुक केलं. व्याही म्हणजे अत्तिलियो, मिलानमधला कापडाचा व्यापारी, भरघोस मिशांचा आणि तोलूनमापून बोलणारा. त्याने काटा खाली ठेवला, नॅपकिन बराच वेळ तोंडाशी धरला आणि मग म्हणाला, "सिन्योर ओरेस्ते, असली जार्दिनिएरा मी उभ्या जन्मात खाल्लेली नाही."

ओरेस्तेची छाती इतकी फुगली की जाकिटाच्या बटणाची काळजी वाटावी. टेबलाच्या मधोमध काचेच्या वाडग्यात ती जार्दिनिएरा नटूनथटून बसली होती. फुलकोबीचे तुरे, गाजराच्या चकत्या, इवले इवले कांदे, ढोबळी मिरचीच्या लाल-पिवळ्या फाका, सगळं व्हिनेगरात मुरलेलं आणि दाताखाली कर्रकन वाजणारं. पिआचेंझाच्या टेकड्यांमधल्या त्या गावात सलामीचे काप असोत नाहीतर उकडलेलं मांस, शेजारी ही नसेल तर माणसं जेवण झालं असं मानतच नाहीत.

दरवर्षी ती योलान्दा घालायची, म्हणजे ओरेस्तेची बायको. पण यंदा सप्टेंबरात तळघराच्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. ऐन भाज्यांच्या दिवसांत हात गळ्यात बांधून ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि हुकूम सोडू लागली. चिरायचं, उकळायचं, बरण्या भरायच्या, सगळं ओरेस्तेने केलं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून घरात त्याला कुत्रा फिरवण्यापलीकडे कोणी काम सांगत नव्हतं. तेव्हा हे लोणचं म्हणजे त्याच्या म्हातारपणाची अब्रू होती.

"एवढं काही नाही हो," तो व्याह्यांना म्हणाला, "हात बसावा लागतो, बस्स."

योलान्दाने त्याच्याकडे असं काही पाहिलं की दुसऱ्या कोणाला समजलं असतं. पण ओरेस्ते तेव्हा जमिनीवर नव्हता. "रस्सा गाळते," म्हणून ती आत गेली. हा लगेच तळघरात उतरला, फडताळातली एक बरणी उचलली आणि स्वतः बाहेर जाऊन व्याह्यांच्या गाडीच्या डिकीत ठेवून आला. "मिलानला गेल्यावर आमची आठवण काढा," तो हात चोळत म्हणाला. अत्तिलियोने मान लववली. त्याची बायको क्लेलिया म्हणाली, "किती प्रेमळ माणसं आहेत!" लोरेदाना लाजली, तिचा फाबियो तिच्याहून जास्त लाजला. एकूण लग्न ठरल्यात जमा होतं.

रश्शातले अनोलिनी, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या पुड्या, खाऊन झाले. आता उकडलेल्या मांसाची पाळी होती, आणि वाडगा तर रिकामा झाला होता.

"ओरेस्ते, ओट्यावर दुसरी बरणी आहे. आण की जरा," योलान्दा म्हणाली.

तो शीळ घालत स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर भरलेली दुसरी बरणी होती, तिच्या शेजारी मघाची रिकामी बरणी, आणि रिकाम्या बरणीचं झाकण. माणसाच्या हाताला उगाच चाळा लागतो तसा त्याने जाता जाता झाकणाच्या मध्यावर अंगठा दाबला.

टक्.

शीळ ओठांवरच विरली. त्याने पुन्हा दाबलं. टक्.

सप्टेंबरात योलान्दाने त्याला सतरांदा बजावलं होतं. बरण्या भरायच्या, गार होऊ द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक झाकणाचं पोट अंगठ्याने दाबून बघायचं. गप्प बसलं तर बरणी चांगली. टक् वाजलं तर ती बरणी मांजरालासुद्धा दाखवायची नाही. त्या भागात पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकतात. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात एखादी बातमी असतेच, अमक्या गावी घरचं लोणचं खाऊन अख्खं कुटुंब इस्पितळात. बोटुलिनो! हा शब्द तिथे जेवणाच्या टेबलावर कोणी उच्चारत नाही. त्या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. व्याही म्हणाले होते, असली जार्दिनिएरा उभ्या जन्मात खाल्ली नाही. आता जन्म कितीसा उरलाय त्यांचा, असा हिशोब ओरेस्ते करू लागला.

त्याने सगळी झाकणं दाबली होती. अगदी शपथेवर सांगितलं असतं त्याने. पण त्या दिवशी रेडिओवर सायकल शर्यतीचं वर्णन चालू होतं आणि घाटातला चढ ऐन रंगात आला होता. एखादं झाकण राहिलं असेल. एकच. नेमकं तेच आज टेबलावर आलं.

झाकण त्याने जाकिटाच्या खिशात कोंबलं. फोन घरातल्या बोळात होता. त्याने आवाज दाबून डॉक्टर ब्रागिएरींना फोन लावला.

"डॉक्टर, मी ओरेस्ते. जेवताय का?"

"रविवारी दुपारी आणखी काय करतात? कोण पडलं?"

"कोणी नाही हो. माझा एक मित्र आहे. त्याने झाकण दाबलं, ते टक् वाजलं."

"मग फेकून दे म्हणावं."

"झाकण?"

"बरणी, बाबा, बरणी!"

"बरणी रिकामी आहे."

पलीकडचं चावणं थांबलं. "कोणी केली रिकामी?"

"मित्राच्या पाहुण्यांनी."

"हं. मग मित्राला सांग, लक्ष ठेव. पापण्या जड होतात. एकाचे दोन दिसतात. घशाला कोरड पडते, जीभ अडखळते, हातातून वस्तू निसटतात. आणि हे सगळं कधी दिसायला लागतं, तर..."

"ओरेस्ते!" आतून योलान्दाचा आवाज आला. "बरणी आणायला गेलास की भाज्या पेरायला?"

त्याने घाबरून फोन खाली ठेवला. कधी दिसायला लागतं ते राहूनच गेलं.

जेवणाच्या खोलीच्या दारात तो उभा राहिला आणि एकेकाकडे बघू लागला. क्लेलियाबाई गटागटा पाणी पीत होत्या. ग्लास खाली ठेवला, पुन्हा भरला. फाबियोच्या हातातून काटा निसटून ताटलीवर खणकन पडला. "माफ करा," म्हणत त्याने तो उचलला, तर सुरी पडली. कोपऱ्यात ओरेस्तेची आर्जिया आत्या डोळे मिटून बसली होती. पण ती नव्वदीची, तिच्या पापण्या गेली कित्येक वर्षं जडच होत्या, तेव्हा तिच्यावरून काही ठरवता येत नव्हतं. मात्र अत्तिलियो! त्या तरतरीत माणसाच्या पापण्या अर्ध्या खाली आल्या होत्या. गावची लाल वाईन त्याने मनापासून घेतली होती हे ओरेस्ते विसरूनच गेला.

मेलो, तो मनाशी म्हणाला. सगळे मेलो.

सांगावं? सांगितलं तर हे लग्न इथेच मोडणार. सुनेच्या बापाने सोयरिकीच्या जेवणात विष वाढलं, हे मिलानभर होणार. आणि समजा काही झालंच नाही, तर गावातल्या कॅफेत त्याला मरेपर्यंत टक् टक् म्हणून हाक मारणार. न सांगावं, तर पोटची पोर समोर बसलीय, हसतेय, फाबियोचा पडलेला काटा उचलून देतेय. ओरेस्तेच्या डोळ्यांत पाणी आलं. लोरेदानानेही खाल्लं होतं. फुलकोबी तिला लहानपणापासून आवडायची.

तेवढ्यात योलान्दा स्वतःच उठून आत गेली आणि दुसऱ्या बरणीने वाडगा भरून घेऊन आली. "घ्या हो, भरपूर आहे. मांसाबरोबर खरी मजा."

क्लेलियाबाईंनी चमचा पुढे केला. ओरेस्तेने झेप घालून वाडगा आपल्याकडे ओढला.

"थांबा!"

सगळे थांबले. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. मग त्याने काटा उचलला आणि खायला सुरुवात केली. गाजर, कांदे, मिरच्या, घास गिळायच्या आत दुसरा घास. मरायचंच आहे तर आणखी कोणाच्या पोटात हे जायला नको. व्हिनेगर नाकात गेलं, ठसका लागला, डोळ्यांतून धारा लागल्या, पण तो थांबला नाही.

"बाबा, काय करताय?" लोरेदाना ओरडली.

"रीत आहे," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "आमच्या भागात रीत आहे. मुलीच्या बापाने शेवटचा वाडगा एकट्याने संपवायचा."

"अगंबाई, किती छान!" क्लेलियाबाई म्हणाल्या. "आमच्या शहरात कसलं काही उरलं नाही हो."

आर्जिया आत्याने एक डोळा उघडला. "ही कुठली रीत? माझ्या बापाने नव्हता संपवला."

"म्हणूनच तुझं लग्न झालं नाही, आत्या."

आत्याने डोळा मिटून घेतला. योलान्दा मात्र टक लावून नवऱ्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला खोटं बोलताना फार वेळा पाहिलं होतं, पण इतकं व्हिनेगर लावून पहिल्यांदाच.

जेवण आटोपलं. सकाळपासूनचं धुकं विरलं होतं. अत्तिलियो खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत म्हणाला, "वा! दोन मनोऱ्यांचं गाव."

गावात चर्च एक, चर्चचा मनोरा एक. ओरेस्तेचा जन्म गेला होता या गावात. "दोन दिसतात तुम्हाला?"

"दोनच की."

"अगदी... शेजारी शेजारी?"

"हो. एक जरासा बुटका."

नगरपालिकेने बांधलेली पाण्याची टाकी तिथे केव्हापासून उभी होती, पण तिला मनोरा म्हणायचं गावातल्या कोणाच्या मनातही आलं नव्हतं. ओरेस्तेच्या तर त्या क्षणी मुळीच आलं नाही. एकाचे दोन दिसायला लागले, एवढंच त्याला कळलं.

आता खात्री करून घ्यायलाच हवी होती. जीभ अडखळते, डॉक्टर म्हणाले होते. तो खाकरला. "आणखी एक रीत आहे आमच्यात. जेवणानंतर नवऱ्या मुलाकडच्यांनी ते शाळेतलं वाक्य म्हणायचं. त्रेंतोला निघालेल्या तेहतीस माणसांचं. भराभर."

"ते म्हणताना जीभ वळतच नाही, तेच ना?" क्लेलियाबाईंनी टाळी वाजवली. "मी म्हणते!" आणि त्यांनी ते असं खडखडीत म्हटलं की ओरेस्तेला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. फाबियो मधे एकदा अडला, पण तो लोरेदानाकडे बघत होता.

"आता तुम्ही, व्याहीबुवा."

"मला नको," अत्तिलियो म्हणाला.

"रीत आहे हो."

अत्तिलियोने मिशांवरून हात फिरवला, दीर्घ श्वास घेतला आणि सुरुवात केली. तेहतीस माणसं निघायच्या आधीच त्याची जीभ कशाला तरी अडली, तोंडातून फस्स असा आवाज आला, आणि त्याने घाईघाईने तोंडावर हात धरला. चेहरा लालबुंद झाला होता. "पुरे," तो हाताआडून म्हणाला. "पुरे झालं."

कोणी हसलं, कोणी टाळ्या वाजवल्या. ओरेस्तेला काही ऐकू येईना. व्याह्यांच्या जिभेपर्यंत पोचलं होतं. आपला चेहरा कोणाला दिसू नये म्हणून तो खाली वाकला, बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून. आणि टेबलाखाली अत्तिलियोच्या खुर्चीपाशी मोरो पडलेला दिसला. त्याचा म्हातारा कुत्रा. चारी पाय ताठ, जीभ बाहेर. तोंडाशी गाजराची एक चकती.

"मोरो," त्याने हळूच हाक मारली. मोरोने शेपटीचं टोकसुद्धा हलवलं नाही.

ओरेस्ते टेबलाखालीच गुडघ्यांवर राहिला. आयुष्यात इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं. वरती कॉफीचे कप वाजत होते, लग्न मे महिन्यात करावं की जूनमध्ये यावर बोलणं चाललं होतं, आणि या माणसांतलं कोण मे महिना बघणार आहे ते फक्त त्याला माहीत होतं. त्याने मोरोच्या पाठीवर हात ठेवला. मुक्या जनावरालाही सोडलं नाही मी, तो मनात म्हणाला. हात बसावा लागतो म्हणे!

मग एकदम त्याला डिकीतली बरणी आठवली. इथे मेले तर निदान डॉक्टर जवळ होता. पण ती बरणी मिलानला जाणार, तिथे आणखी कोणाकोणाच्या ताटलीत पडणार. तो उठला, "हवा खाऊन येतो," म्हणाला आणि अंगणात गेला. डिकीला कुलूप नव्हतं. त्याने बरणी काढून कोटाखाली लपवली आणि वळला, तर समोर अत्तिलियो सिगार शिलगावत उभा.

"काही हवं होतं?"

"नाही, नाही. म्हणजे..." बरणी कोटाखालून निम्मी बाहेर आली होती. "एकच होती ना ही. आमच्याकडे बरणी एकटी देत नाहीत. जोडीने देतात. नवरानवरीसारखी. मी म्हटलं, जोडीदारीण घेऊन येऊ."

"ही पण रीत?"

"ही पण."

"मग ती पहिली आत राहू द्या की. दुसरी फक्त आणा."

ओरेस्तेने बरणी परत ठेवली, तळघरात उतरला, दुसरी बरणी आणली आणि अत्तिलियोच्या देखत पहिलीच्या शेजारी ठेवली. विष काढून घ्यायला गेलेला माणूस दुप्पट विष देऊन परत आला.

निघायची वेळ झाली. अंगणात सगळे कोट घालून उभे होते. क्लेलियाबाईंनी योलान्दाच्या दोन्ही गालांना गाल लावले. "उद्या माझ्या बहिणीकडे सगळे जमणार आहेत," त्या म्हणाल्या. "नातवंडंसुद्धा. तुमच्या बरण्या तिथेच फोडते. कळू दे सगळ्यांना, कसल्या घरात सोयरीक केलीय."

ओरेस्तेला नातवंडं दिसली. गळ्याला नॅपकिन बांधलेली, ओळीने बसलेली. मग मात्र त्याच्याने राहवेना. तो गाडीच्या आडवा झाला आणि दोन्ही हात पसरून रडत रडत म्हणाला,

"नका नेऊ! विष आहे त्यात! झाकण टक् वाजलं हो! सगळ्यांना मारलं मी, मोरो तर गेलाच, आता तुमची पाळी! व्याहीबुवांना एकाचे दोन दिसायला लागलेत, जीभ गेलीय. मला काय हवी ती शिक्षा करा, पण माझ्या पोरीला बोल लावू नका. तिचा काही दोष नाही. हे लोणचं मी घातलंय, या हातांनी!"

क्लेलियाबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "ही शेवटची रीत का?"

"कुठलं झाकण?" योलान्दाने विचारलं.

ओरेस्तेने ते जाकिटाच्या खिशातून काढून दिलं. योलान्दाने दाबलं. टक्. ती आत गेली आणि ओंजळभर झाकणं घेऊन आली. सकाळी उघडलेल्या मुरंब्याचं झाकण दाबलं. टक्. मोहरीच्या बरणीचं. टक्. मधाचं. टक्. ऑलिव्हचं. टक्.

"अरे शहाण्या," ती म्हणाली, "उघडलेलं झाकण वाजणारच! बंद असताना दाबायचं असतं ते. बरणी उघडली, हवा गेली आत, मग झाकण गाणंसुद्धा म्हणेल."

ओरेस्ते त्या झाकणांकडे बघत राहिला. तेवढ्यात दारातून मोरो आला. आला म्हणजे कसाबसा पोट सावरत आला, एक जांभई दिली आणि अत्तिलियोच्या बुटांवर डोकं टेकवून पुन्हा झोपला.

कोणीतरी आधी हसलं, बहुतेक आत्या, आणि मग सगळेच हसत सुटले. ओरेस्तेही हसला, रडत रडतच. जग पुन्हा जागेवर आलं होतं. पोर जिवंत होती, जावई जिवंत होता, आणि लोणचंही चांगलं होतं. "म्हणजे माझी जार्दिनिएरा..." तो नाक पुसत म्हणाला, "म्हणजे काही झालं नव्हतं माझ्या जार्दिनिएराला!"

योलान्दाने खाली बघितलं. ती गप्प राहिली असतीही, पण क्लेलियाबाई अजून गाडीपासून चार पावलं लांब उभ्या होत्या आणि मुलाचा हात घट्ट धरून होत्या. त्यांचं मन निवायला हवं होतं.

"तुम्ही बिनघोर राहा हो," योलान्दा त्यांना म्हणाली. "आज जेवणात होती ती याच्या हातची नव्हतीच. कोपऱ्यावरच्या एर्सिलियाकडून आणून मी आपल्या बरण्यांत भरली. सगळा गाव तिच्याकडून नेतो."

हसणं थांबलं.

"माझी नव्हती?" ओरेस्ते म्हणाला.

"नव्हती."

"मग माझी कुठेय?"

"तळघरात. सगळी. एकही बरणी मी उघडली नाही. ओरेस्ते, तू गाजर, फुलकोबी, मिरची, सगळं एकदम पातेल्यात टाकलंस. एकेक करून टाक, लवकर काढ, म्हणून मी घसा फोडून ओरडत होते. तुझा सायकलवाला घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंत गॅस बंद झाला नाही. लगदा झाला त्याचा, लगदा." तिचा आवाज जरा उतरला. "मन मोडेल म्हणून बोलले नाही. व्हिनेगर मी स्वतः ओतलंय, चांगल्या हाताने, त्यामुळे ते खाऊन मरणार कोणी नाही. पण सोयरीकही कोणी करणार नाही."

दुपारभर ओरेस्तेने नाही नाही ते भोगलं होतं. पण खरं सांगायचं तर, एवढं तेव्हाही लागलं नव्हतं. तेव्हा निदान विष त्याचं होतं. खरोखर एक क्षणभर त्याला वाटून गेलं की झाकण खरंच वाजलेलं असतं तर बरं झालं असतं. आणि मग त्याला या विचाराची इतकी लाज वाटली की तो मुकाट्याने गाडीकडे गेला आणि डिकीतल्या त्या दोन बरण्या काढायला लागला.

"किती मऊ?" अत्तिलियोने विचारलं.

"काय?"

"त्या म्हणाल्या लगदा. म्हणजे किती मऊ?"

"चमच्याने खावी लागेल," योलान्दा म्हणाली. "तुम्ही मनावर घेऊ नका हो, मी एर्सिलियाची बांधून देते."

पण अत्तिलियोने ओरेस्तेच्या हातातून बरणी घेतली होती. त्याने झाकणावर अंगठा दाबला. झाकण गप्प. पिरगाळून उघडलं, तशी आतून पॉप असा भरदार आवाज आला. बोटांच्या चिमटीत गाजराची चकती धरली, ती तिथेच वाकली. त्याने ती तोंडात टाकली आणि डोळे मिटले. जबडा जेमतेम हलला. मग त्याने फुलकोबीचा तुरा काढला. मग कांदा. मग मिरची.

"अत्तिलियो!" क्लेलियाबाई म्हणाल्या. "तू खातोयस?"

"खातोय," अत्तिलियो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "क्लेलिया, खातोय मी!"

मग सगळं बाहेर आलं. ईस्टरला त्याने सगळे दात काढून कवळी बसवली होती आणि ती काही केल्या बसत नव्हती. होणाऱ्या सुनेच्या घरी पहिल्याच दिवशी कवळी निसटली तर काय घ्या, म्हणून तो दिवसभर तोंड शिवून बसला होता. एर्सिलियाच्या कुरकुरीत गाजरांपुढे त्याचा काही इलाज चालला नव्हता. चकत्या सलामीच्या कापात गुंडाळून त्याने एकेक टेबलाखाली मोरोला दिल्या होत्या. आणि ते तेहतीस माणसांचं वाक्य! तेव्हा तर दात हातातच आले होते.

"जार्दिनिएरा माझा जीव की प्राण," तो बोटं चाटत म्हणाला. "वाटलं, आता संपलं, या जन्मी पुन्हा नाही. सिन्योर ओरेस्ते, तळघरात आणखी किती आहेत?"

"भरपूर," ओरेस्ते कसाबसा म्हणाला.

"सगळ्या द्या."

डिकी भरली. ओरेस्तेने बरण्या वर आणल्या, अत्तिलियोने जपून जुन्या कोटात गुंडाळून ठेवल्या. निघताना त्याने ओरेस्तेचा हात हातात घेतला. "एक विनंती आहे. पुढच्या वर्षी यात काही म्हणजे काही सुधारणा करू नका."

लग्न जूनमध्ये झालं. त्यानंतरच्या सप्टेंबरात योलान्दाचं मनगट पूर्ण बरं होतं. तिने आपल्या बरण्या सुरेख कुरकुरीत भरल्या, आणि ओट्यावर अर्धी टोपली भाजी शिल्लक ठेवली. मग ओरेस्तेला हाक मारली, मोठं पातेलं गॅसवर चढवलं, सगळी भाजी एकदम त्यात लोटायला त्याला सांगितलं आणि हात पुसत पुसत जाऊन रेडिओ लावला.

"बस," ती म्हणाली. "घाट सुरू होतोय."